पाणविळा कुणी नेला?

"चोरी! चोरी झाली!"

संघपाल अंगणातून ओरडला तेव्हा त्याच्या तोंडात अख्खा अनारसा होता. चोरी झाली म्हणून अनारसा टाकून देणाऱ्यांतला तो नव्हता!

प्रतिक्षा धावत बाहेर आली. दिवाळीच्या सुट्टीत ती वरठीहून अड्याळला, संघपालच्या आईकडे, म्हणजे मालनआत्याकडे आली होती. तिने ओसरीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा! पाणविळा गायब!

पाणविळा म्हणजे पुठ्ठा, प्लास्टिकचा पाइप आणि चंदेरी रंग यांतून जन्मलेलं एक भलं मोठं शस्त्र. लांब दांडा, वर चंद्रकोरीसारखं पातं आणि पात्याच्या पाठीला आकडा. संघपालच्या मोठ्या बहिणीने, दीपमालाताईने, ते तयार केलं होतं. ताईला व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढायची होती. पुण्याच्या एका कंपनीने तिची परीक्षा घ्यायची म्हणून काम दिलं होतं : तलावाची राखण करणाऱ्या एका लढवय्या बाईसाठी शस्त्र काढा. ताईने झकास चित्र पाठवलं, पण ते परत आलं. 'देखणं आहे, पण खरं वाटत नाही. हे धरायचं कुठे? चालताना ठेवायचं कुठे? हे कुणी वापरलंय असं दिसतच नाही!'

म्हणून ताईने खरोखरच्या मापाचा नमुना केला. तो समोर ठेवून नवं चित्र काढायचं आणि नमुन्याच्या फोटोंसह पाठवायचं. मुदत आज संध्याकाळपर्यंतची! आणि मालनआत्याने तर निक्षून सांगितलं होतं, "या खेपेले जमलं नाई, तर पुढच्या महिन्यात भंडाऱ्याले बँकेच्या परीक्षेचा क्लास लावजो. पुठ्ठे कापून पोट नाई भरत, बाई!"

"ताईले सांगू नको आताच," प्रतिक्षा हळूच म्हणाली. "ते आत चित्राचं रेखाटन करून राहिली. आधी आपण शोधू."

तेवढ्यात शेजारची गुड्डी कुंपणावरून उडी मारून आली. गावात काय घडलं, हे गुड्डीला घडायच्या आधीच कळतं, असं सगळे म्हणत.

"काय झालं? काहून तोंडं पाडून बसले?"

"पाणविळा चोरीले गेला!" संघपाल म्हणाला. "आणि आपली लाल खुर्चीपण!"

"खुर्ची?" प्रतिक्षा थबकली. "चोराले पुठ्ठ्याचं शस्त्र कशाले पायजे? आणि पायजे असलं, तर त्यानं खुर्ची काहून नेली? बसून लढाई करणार हाये का तो?"

"आमच्याकडचा फुलाफुलाचा पडदापण दिसत नाई सकाळपासून," गुड्डी म्हणाली. "आणि कौशल्याबाईचा दिवाण..." बोलता बोलता तिने कपाळावर हात मारला. "माय वं! आज मंडई हाये ना आपल्या गावची!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक आलंच! रंगमंचावर राजाचा महाल उभा करायचा तर सामान गावातल्या घरांतूनच गोळा होतं. कुणाची खुर्ची, कुणाचा पडदा, कुणाची समई. आणि हे सामान गोळा करणारे कोण? गुड्डीचे बाबा, ताराचंदकाका! कामाचा उरक दांडगा, पण विचारायचं मात्र हटकून विसरायचे.

"चला!" प्रतिक्षा म्हणाली.

शाळेमागच्या मैदानावर मांडव सजला होता. रंगीत तालीम चालू होती. मालनआत्याच्या लाल खुर्चीवर महाराज बसले होते, आणि त्यांच्यापुढे दुष्ट सेनापती झालेला भुपेंद्र खांद्यावर काहीतरी अडकवून गरगर फिरत होता. एरवी भुपेंद्र सायकलवर भाजी विकायचा, पण मंडईच्या दिवशी त्याच्या मिशांना निराळाच ताव चढे.

"हा हा हा! आता या शस्त्राची चव चाख!"

आणि त्याने खांद्यावरून खाली ओढला तो पाणविळा!

"तो आमचा हाये!" संघपाल किंचाळला.

ताराचंदकाका लगबगीने पुढे आले. "तुमचा? अरे पोट्ट्या, खास वडस्याहून आणला मी तो! तिथल्या नाटकवाल्यांच्या अस्सल सामानातला!"

आता सगळ्या मंडळींसमोर ही फुशारकी मारून झाल्यावर काका मागे कसे हटणार? संघपाल हमरीतुमरीवर येणार, इतक्यात प्रतिक्षाने त्याला चिमटा काढला आणि गुड्डीच्या कानात काहीतरी सांगितलं. गुड्डीने चेहरा अगदी भोळा केला.

"बाबा, वडस्याचा म्हणजे आतून लोखंडाचाच असंल ना?"

"तर! भरीव लोखंड!"

"मग खालचं झाकण उघडून पाहू?"

"पाह्य ना! ताराचंद भेतो का कोणाले?"

गुड्डीने दांड्याचं खालचं झाकण फिरवलं. सर्रर्र! पिवळंधमक धान काकांच्या पायांवर सांडलं! मांडवात चरणाऱ्या दोन कोंबड्यांनी लगेच तिकडे धाव घेतली.

"शस्त्र हलकं वाटते म्हणून मीच भरलं होतं!" संघपाल छाती फुगवून म्हणाला.

"बाबा," गुड्डीने विचारलं, "वडस्यात लोखंडाले लोंब्या येतात का?"

महाराजांसकट सगळा दरबार हसून लोळला. काकांनी डोकं खाजवलं. "अरे, मंडईच्या दिवशी गावाचं सामान म्हणजे सगळ्याईचंच, म्हणून उचललं! मागच्या वर्षी तुमचा बाक नव्हता नेला का?"

"विचारून नेला होता, काका!" प्रतिक्षा म्हणाली.

तेवढ्यात वही छातीशी धरून दीपमालाताई पाणविळा शोधत धापा टाकत आली. तिने पाणविळा हातात घेतला आणि तिचा चेहराच उतरला. पात्याचा रंग खरवडला होता, टोक दुमडलं होतं, मधल्या नक्षीदार मुठीखाली लाल गमछा गुंडाळला होता.

"आता काय पाठवू मी?" तिचे डोळे भरून आले.

भुपेंद्रच्या मिशा खाली आल्या. "दीपमाला, माफ कर वं. घामानं हात सटकून राहिला होता, म्हणून गमछा बांधला."

प्रतिक्षा मात्र गमछ्याकडे टक लावून पाहत होती.

"ताई, तू मूठ मधोमध काढली होती. पण भुपेंद्रदादानं हात खाली धरला. तिथंच तोल साधते! कंपनीनं हेच तर विचारलं होतं, धरायचं कुठे?"

"आणि ठेवायचं कुठे?" संघपाल उडी मारून म्हणाला. "दादा मघा आकडा खांद्यावर अडकवूनच तर फिरत होता!"

"आणि हे कुणी वापरलं हाये, ते तर आता आंधळ्यालेपण दिसंल!" गुड्डीने खरवडलेल्या पात्याकडे बोट दाखवलं.

ताईने डोळे पुसले. मग ती खाली मांडवातच फतकल मारून बसली. "संघपाल, धान भर परत! भुपेंद्र, असाच उभा राह्य! हलू नको!"

दुष्ट सेनापती तासभर गुमान उभा राहिला. नाकावर माशी बसली तरी हलला नाही! प्रतिक्षाने फोटो काढले, गुड्डीने कोंबड्या हाकलल्या आणि दिवस मावळायच्या आत चित्र पुण्याला रवाना झालं. रात्री मात्र ताईने स्वतःच पाणविळा भुपेंद्रच्या हाती दिला आणि सेनापतीने अशी काही लढाई केली की महाराजांनाच घाम फुटला.

मंडईचे पाळणे गावातून हलायच्या आधीच ताईचा फोन वाजला. पलीकडच्या बाईंचा पहिलाच प्रश्न होता, "तो लाल गमछा कुणाला सुचला? तो पाहिला आणि वाटलं, हे शस्त्र रोज कुणीतरी हातात घेतं." आणि मग त्यांनी विचारलं, कामावर कधी येतेस?

मालनआत्याने लेकीला घट्ट जवळ घेतलं. "मी पुठ्ठे म्हणत होती, बाई. माहं चुकलं!" मग तिने तिन्ही मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुम्ही नसते, तर पोरीचं चित्र राहूनच गेलं असतं."

"मग त्या बँकेच्या क्लासचं काय?" गुड्डीने विचारलं.

"त्यात आता संघपालले घालते!"

संघपाल अनारशाचा डबा घेऊन पळालाच!

इतक्यात फाटकाशी कुणीतरी खाकरलं. लाल खुर्ची डोक्यावर घेऊन ताराचंदकाका बाहेरच उभे होते.

"मालनबाई, आत येऊ का? खुर्ची ठेवू का?"

"अहो, आमचीच खुर्ची आमच्या घरी ठेवायले कायले विचारता?"

"सवय करून राहिलो," काका म्हणाले. "या पोट्ट्याईनं लावली!"