म्वेलोच्या अंगणातली पांढरी चादर

रस्त्यात गाई बसल्या होत्या. एक नाही, सगळ्याच्या सगळ्या! मी हॉर्नवरचा हात काढतच नव्हते.

"त्यांना हॉर्न कळत नाही हो, डॉक्टर," मागून आवाज आला. "गोड बोलावं लागतं. जमतं का तुम्हाला?"

भुरभुर पावसात भिजलेला, खांद्यावर काठी, आणि चेहऱ्यावर असं हसू की माझं डोकंच फिरलं.

"मी डॉक्टर आहे हे कुणी सांगितलं?"

"गाडीवर लिहिलंय की. शिवाय आमच्या टेकडीवर इतकं चिडून दुसरं कोण येतं?"

हा म्वेलो. टेकडीवरच्या शाळेत भूगोल शिकवायचा, सुट्टीत आईच्या गाई राखायचा. आणि मी झानोकुहले, डर्बनच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, एचआयव्हीवर संशोधन करणारी. मुलींना लागण होऊच नये म्हणून आम्ही एक इंजेक्शन तपासत होतो. पण या टेकडीवरची एक बाई शिबिरात फिरकेल तर शपथ! डॉक्टर रक्त विकतात म्हणे. मी दर महिन्याला यायची, शाळेत रिकाम्या खुर्च्यांपुढे बसायची. म्वेलो मात्र हमखास यायचा. चहा आणायचा, डिवचायचा, जाताना गाडीची काच पुसून द्यायचा... आणि मी घाट उतरेपर्यंत उगाचच हसत राहायची.

शेवटी वरून निरोप आला, या वेळी कुणी आलं नाही तर इथलं काम बंद. नेमकी त्या शिबिराच्या दिवशी शाळेची किल्ली मिळेना!

"आमचं अंगण घ्या," म्वेलो म्हणाला.

तंबू ठोकला. मग नेहमीसारखी उंच काठीला पांढरी चादर बांधली, पलीकडच्या टेकडीवरून शिबिर दिसावं म्हणून.

"डॉक्टर, ती चादर—"

"मध्ये मध्ये बोलू नका."

"नाही, पण आमच्याकडे पांढरं—"

"म्वेलो सर! एक काम धड करू द्याल का?"

त्यानं दोन्ही हात वर केले.

थोड्या वेळानं खालून गाणं ऐकू आलं. बायका! म्हाताऱ्या, तरण्या, पाठीला पोरं बांधलेल्या, नाचत चढ चढत होत्या. मला रडूच फुटायचं बाकी होतं. पुढच्या आजींनी येऊन माझे गालच धरले.

"म्वेलोला 'हो' म्हणणारी भेटली म्हणायची! कुणाची गं तू?"

तेव्हा कुठे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आम्हा झुलूंत मुलगी 'हो' म्हणाली की मुलाच्या घरावर पांढरा झेंडा चढतो. माझ्या आजीनं कितीदा सांगितलं होतं! पण फ्लॅटच्या गॅलरीत कुठले आलेत झेंडे?

म्वेलोची आई पिठाच्या हातांनीच धावत आली. "मला का नाही सांगितलंस रे मेल्या?"

"मी सांगत होतो," म्वेलो साळसूदपणे म्हणाला. "यांनी बोलू दिलं नाही."

"अहो, चूक झाली! मी सून नाही!" मी ओरडले.

"लाजतेय पोरगी," म्हणत आजींनी बसकण मारली. "ऐका गं हिचं. घरची होणारी मुलगी आपलं रक्त कशाला विकेल?"

झालं! मी कपाळावर हात मारला, आणि बोलत सुटले. इंजेक्शन कसं, चाचणी कशी... आणि ज्याला लागण झालीय त्यानं गोळ्या नियमित घेतल्या, रक्तात विषाणू सापडेनासा झाला, की त्याच्यापासून जोडीदाराला लागण होत नाही. घसा बसला माझा. पण मुलींनी नावं दिली. काम वाचलं!

संध्याकाळी पाऊस वाढला. सगळ्या गेल्यावर म्वेलो काठीपाशी गेला.

"उतरवतो आता."

"एवढी घाई?" माझ्या तोंडून निसटलंच.

तो हसला नाही. "झानो... मला ती चादर खरीच हवी होती. म्हणून तर सकाळी मी फार जोर लावला नाही. पण... माझ्याही गोळ्या चालू आहेत. कधीपासूनच्या. रक्तात काही सापडत नाही आता. आईला माहीत आहे, आणि आता तुला."

माझं टाळकंच सटकलं.

"मग दिवसभर मी घसा कशासाठी फोडला? आजींना कळलं, आणि भूगोलाच्या सरांना नाही?"

"मला कळलंय," तो हळूच म्हणाला. "पण लोकांना सांगणं वेगळं असतं गं. स्वतःच्या घरात..."

मला आणखीच राग आला, कारण तो खोटं बोलत नव्हता. आमच्याच प्रयोगशाळेतल्या एकीनं, सगळं शिकून-सवरून, मुलगा अशाच गोळ्या घेतो म्हणून ठरलेलं लग्न मोडलं होतं. आणि तेव्हा मी तिला एका शब्दानं बोलले नव्हते.

मी त्याच्या हातातून दोरी हिसकावली. भिजून जड झालेली चादर खाली घसरली होती. मी ती पार टोकापर्यंत ओढली आणि घट्ट गाठ मारली.

"सकाळी चुकून चढवली होती," मी म्हणाले. "आता नाही."

पलीकडच्या टेकडीवरून कुणीतरी आनंदानं आरोळी दिली. म्वेलोचे डोळे भरून आले होते.

"झानो, पण—"

"मध्ये मध्ये बोलू नका म्हटलं ना!"