बाकावर सगळे गप्प होते

पटो न पटो, हे घडलेलं आहे. डेल हॅगस्ट्रम आजही आहे. विचारलं तर सांगतो, पण एकदाच.

१७ ऑगस्ट १९८६. रविवार, भर दुपार. आयोवातलं कॅडी फॉल्सचं जुनं मैदान.

डेल तिथल्या खालच्या श्रेणीच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. वय एकोणतीस. या वयात तिथे असणं म्हणजे निरोपाची वाट पाहणं. दोन वर्षं उजवा खांदा ठणकत होता. घरी बायकोला, जोलीनला, सातवा महिना.

सकाळीच मॅनेजर ब्रुनर म्हणाला होता, "वरून माणूस आलाय बघायला. चांगला टाकलास तर वरच्या संघात. नाहीतर उद्या बॅग भर बाबा."

नऊपैकी चार डाव झाले. समोरच्यांना एकही यशस्वी फटका मारता आला नव्हता.

आणि बाकावर शांतता पसरली...

ती जुनी रीत. पिचरचा असा सामना रंगला की त्याच्याशी कुणी बोलत नाही. जवळ बसत नाही. बोललं की दृष्ट लागते. चेंडू झेलणाऱ्या कॅचर टेओचं तोंड एरवी मिटत नसे, तोसुद्धा पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

डेल एकटा.

"दुखतोय ना, पोरा?"

शेजारी एक म्हातारा होता. अंगात जुना लोकरी गणवेश. एवढ्या उन्हात... घामाचा थेंब नाही.

जुन्या खेळाडूंना कधीमधी बोलावत, त्यातलाच असेल.

"आजोबा, गप्प बसा. पोरं मारतील तुम्हाला."

"मला?" म्हातारा हसला. त्याने डेलच्या खांद्यावर हात ठेवला.

गार.

ठणका थांबला.

पाचवा डाव. सहावा. डेल परत आला की म्हातारा तिथेच. डेल जरा सरकून जागा करायचा. हात खांद्यावरून दंडावर आला. मग कोपरावर...

सातव्यानंतर डेलचं कोपर फळीवर आपटलं. आवाज आला.

लागलं मात्र नाही.

"बास, आजोबा. हात बधिर झालाय."

"मग सांग की त्यांना. लगेच खेळातून उतरवतील. मला उतरवलं होतं... सातव्यातच."

डेलने ब्रुनरकडे पाहिलं. ब्रुनरने नजर फिरवली. टेओ बुटाची नाडी बघत बसला. एक शब्द पुरला असता.

पण मग उद्या बॅग.

डेलने आपणहून बोटं म्हाताऱ्यापुढे केली.

नवव्या डावात चेंडू हातातून सुटताना त्याला फक्त दिसत होता. शेवटचा गडी बाद झाला. सगळे धावत येऊन त्याच्यावर कोसळले. तो खांबासारखा उभा. आनंद व्हायला हवा होता, एवढं त्याला आठवत होतं.

कपडे बदलताना टेओ आला. "येड्या, बडबडत काय होतास? सरकून जागा कुणाला देत होतास?"

"त्या म्हाताऱ्याला."

टेओ एक पाऊल मागे सरकला.

"टेओ... तिथे कुणी नव्हतं?"

"नव्हतं. पण तुझ्या बाहीवर... पाच बोटांच्या घड्या पडत होत्या. सगळ्यांनी पाहिलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? तुझा सामना चालू होता ना."

डेल वरच्या संघात गेला. तीन वर्षं टिकला. खांदा परत कधी दुखला नाही. डॉक्टरांनी टाचण्या टोचल्या, फोटो काढले. सगळं धड. फक्त हाताला काही कळत नाही.

ऑक्टोबरात मुलगी झाली. डेल तिला उजव्या हातावर घेऊन खिडकीशी बसायचा. दर दोन मिनिटांनी खाली बघायचा.

"काय बघतोस रे सारखं?" जोलीनने एकदा हसत विचारलं.

तो हसला नाही.

"ती आहे ना, ते."