आईच्या जिभेचे ठिपके

हे खरं घडलंय. पटत नसेल तर सोडून द्या, पण मला वेडी म्हणू नका.

मार्चमधली दुपार. क्रोएशियातलं रिएका शहर, विद्यापीठाची प्रयोगशाळा. माणूस बोलताना जीभ कशी हलते, ते आम्ही तिथे मोजतो. मसुराएवढे सेन्सर जिभेवर चिकटवायचे आणि पडद्यावर त्यांचे ठिपके हलताना बघायचे.

आदल्या ऑक्टोबरात त्या खुर्चीत माझी आई बसली होती. फूमा. आमच्या डोंगरातल्या गावची बोली बोलणारी दोनच माणसं उरली होती, ती आणि यूरेमामा. माझ्याशी मात्र ती जन्मभर क्रोएशियनच बोलली. प्राध्यापकांसमोर बोलीत तासन्‌तास बोलणं, आणि मी, पोटची पोर, गोंदाची बाटली धरून उभी.

"मला का नाही शिकवलीस?" मी तिथेच विचारलं.

तोंडातून वायरी लोंबत असताना ती हसली. "तुला काय करायचीय?"

फेब्रुवारीत ती गेली.

वापरलेले सेन्सर आम्ही टाकून देतो. आईचे मी ठेवले होते. त्या दुपारी खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी ते यंत्राला जोडले, टेबलावर ठेवले...

पडद्यावर ठिपके हलले.

टेबलावरचे सेन्सर जागचे हलले नव्हते. खोलीत कसलाच आवाज नव्हता. पण पडद्यावर जिभेचं टोक टाळूला लागलं... खाली आलं... थांबलं. बोलताना आपण श्वास घ्यायला थांबतो तसं.

पुन्हा तेच. पुन्हा तेच.

असे ठिपके वाचायची इतक्या वर्षांची सवय. माझी जीभ त्या ठिपक्यांच्या मागून जाऊ लागली. मग आवाज फुटला. अख्खं वाक्य... मला न कळणारं.

मी रडले. वाटलं, मेल्यावर का होईना, आई माझ्याशी बोलली.

रविवारी मामाकडे गेले. तो चीज कापत होता. मी ते वाक्य म्हणून दाखवलं.

त्याने सुरी खाली ठेवली. "ही फूमाच बोलतेय."

"काय म्हणतेय, मामा?"

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुला कळू नये, म्हणूनच ती हे आमच्या बोलीत बोलायची."

आणि तो पुन्हा चीज कापायला लागला.

सेन्सर मी फेकून दिले. काही उपयोग झाला नाही.

आता मी गप्प बसले की जीभ आपोआप हलते. टोक टाळूला... खाली... थांबते.

परवा पुन्हा मामाच्या दारात गेले. आई माझ्याबद्दल काय म्हणायची, एवढंच विचारायचं होतं. तोंड उघडलं, आणि तेच वाक्य बाहेर आलं.

मामाने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

मी अजून त्याला विचारू शकलेले नाही.