समासातला चौथा ऋतू

‘पारंबी’ यानात बारा महिने चोवीस अंश तापमान आणि एकच दुधाळ उजेड. ऋतू होते ते फक्त ग्रंथालयात, मालन शेवडे यांनी कपाटांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांत: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. खाली बारीक अक्षरात ‘दिवाळीची सुट्टी’, ‘होळीचा आठवडा’.

चौदा वर्षं मालनताई यानातल्या एकोणीस मुलांना ऋतू वाटत आल्या होत्या. आणि आज डॉक्टर इर्शाद मुजावर आलेख घेऊन दारात उभे होते.

“मालनताई, मुलांचं ऋतुघड्याळ बिघडलंय.”

मालनताईंच्या हातातली कादंबरी टेबलावर आपटली. “सगळ्यांचं?”

“सगळ्यांचं. तुम्हाला ठाऊकच आहे, बारा ते अठरा या वयात शरीर वर्षाचा ठेका शिकतं. पृथ्वीवर तो सूर्य शिकवतो. इथे सूर्य नाही, म्हणून कादंबरी. गोष्टीतली पोरं महिनाभर थंडीत कुडकुडली की वाचणाऱ्याच्या रक्तातही हिवाळा उतरतो. पण यांचा हिवाळा भलत्याच वेळी येतोय. चाळीस दिवसांनी आपण धाकलीवर उतरणार. घड्याळ बिघडलेल्याला मी खाली उतरू देऊ शकत नाही. तो वर कक्षेतच राहील.”

धाकली म्हणजे तो नवा ग्रह. पृथ्वी थोरली, म्हणून ही धाकली. नाव मुलांनीच ठेवलेलं.

“म्हणजे मी पुस्तकं चुकीची दिली?” मालनताईंनी हिवाळ्याच्या कपाटातली कादंबरी उघडली. समासात शिसपेन्सिलीची दाटी. दुसरी उघडली, तिथेही तेच ओळखीचं अक्षर.

“रेवा तांडेल! इकडे ये आधी.”

सोळा वर्षांची रेवा आली, ती समास बघून जीभ चावतच.

“ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहितात का गं? हे काय शिकवलं मी?”

“मावशी, तुम्हीच सांगितलंत ना, पृथ्वीवर लोक समासात खुनी कोण ते लिहून ठेवायचे! आम्ही निदान उपयोगाचं लिहिलं.”

“काय उपयोगाचं?”

“तुमच्या गोष्टीत हिवाळा तीन महिन्यांचा. धाकलीवर दोनच. मग पावसाऐवजी लाल धूळ उडते, त्याला आम्ही धुळाळा म्हणतो. तुम्ही पुस्तक परत घेतलंत की आम्ही ते पुन्हा काढतो, धाकलीच्या पंचांगाप्रमाणे. दिवाळीची कादंबरी आम्ही धूळ बसते त्या दिवशी वाचतो. कंदील तेव्हाच दिसेल ना नीट?”

डॉक्टर आलेखावर वाकले होते. ते हळूच म्हणाले, “रेवा, धाकलीचं वर्ष किती दिवसांचं?”

“दोनशे नव्वद.”

त्यांनी बोटानं एका शिखरापासून दुसरं शिखर मोजलं. पुन्हा मोजलं. “मालनताई, बिघडलेली घड्याळं एकेकटी भरकटतात. ही एकोणीसच्या एकोणीस दर दोनशे नव्वद दिवसांनी एकत्र वाजतायत. मुलं केव्हाच उतरलीयत हो खाली! घड्याळ चुकलंय ते आपलं. आपण मोठे सगळे थोरलीच्या ठेक्यावर. वर राहायचंय ते आपल्याला.”

मालनताई समासातल्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या, जसं बाळाच्या जावळावरून फिरवावं. आपण पेरलं होतं एक आणि उगवलं होतं त्याहून सरस. ऊर भरून आला त्यांचा.

“मोठ्यांचं घड्याळ नव्यानं लागतं का हो?” त्यांनी विचारलं.

“उशिरा लागतं. पण लागतं.”

मालनताई खुर्चीवरून उठल्या. कपाटावर चौथी चिठ्ठी चिकटवली, ‘धुळाळा’. मग टेबलाला वळसा घालून समोरच्या बाजूला, वाचकांच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

“बस त्या खुर्चीत, रेवा. आणि मला कुठलं पुस्तक द्यायचं ते तू ठरव.”

रेवानं डोळे बारीक करून त्यांना न्याहाळलं, अगदी मालनताई न्याहाळायच्या तसंच. एक जाडजूड कादंबरी पुढे केली. “हळू वाचा. आणि समास सोडायचा नाही.”

वाचायला घेतल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवशी, चोवीस अंशांच्या त्या उजेडात, मालनताईंच्या हातावर काटा आला. त्यांनी पान वर धरलं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं:

‘मालनमावशी, इथून पुढे शाल घ्या.’