बाराव्या दिवसाची कोरी बाटली

सहा वेळा धुतलेला सुती सदरा.

पूर्वेचा वारा. नदीला भरती.

पोहण्याचे वीस मोठे तलाव... आणि त्यांत कुठेतरी एक थेंब.

कुणाची रक्तदाबाची गोळी, कुणाचं खोकल्याचं औषध, कुणाच्या न चिकटणाऱ्या तव्याचा थर. सगळं शेवटी आमच्याकडे येतं.

'काही वेगळं घडलं का?' ही छापील कागदावरची शेवटची ओळ. पुढे दोन बोटं रिकामी जागा.

—

रविवारी दुपारी, रू सेंत-मोनिक या रस्त्यावरच्या लाँड्रीत, मी नवी कोरी पँट चौथ्यांदा मशीनमध्ये टाकत होते. शेजारच्या मशीनपाशी एक उंच माणूस. त्यानं स्वच्छ शर्ट बाहेर काढला, झटकला आणि परत आत टाकला. साबण नाही, सुगंधी पाणी नाही.

मी बघत राहिले. मी बघतेय हे त्यानं बघितलं.

"कितवी?" त्यानं विचारलं.

"चौथी. तुमची?"

"पाचवी." तो मशीनला टेकला. "म्हणजे एक तर आपण दोघं वेडे आहोत—"

"—नाही तर दोघं सांडपाण्यातले."

तो इतक्या जोरात हसला, की कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या आजीबाईंनी वळून बघितलं.

नव्या कपड्यांवर कारखान्यातलं काहीबाही लागलेलं असतं. ते आमच्या बाटल्यांत उतरतं. म्हणून नमुने घेणारा माणूस कपडे सहा वेळा धुतो. शहरात हे करणारे आम्ही मोजून तिघं होतो. तो चौथा. एलोई आर्सेनो, मॅग्दलेन बेटांवरचा.

"मी मारिलू," मी म्हटलं. "उद्या सकाळी मीच तुझी झडती घेणार आहे."

"मग सहावी धुलाई नीट करतो," तो म्हणाला.

—

एलोई काळा कोळसा घेऊन आला होता. कोळशानं भरलेले आठ उंच नळ. आमचा सांडपाण्याचा कारखाना शहराची घाण काढतो, पण लोकांच्या पोटातून आलेल्या गोळ्या आणि तव्यांवरची, कपड्यांवरची ती न मरणारी रसायनं आमच्या हातून निसटून सरळ नदीत जातात. कोळसा त्यांना धरतो. किती धरतो, हे बारा दिवस नमुने घेऊन दाखवायचं होतं. एकोणीस जूनला नगर परिषद मतदान करणार. होकार आला तर कोळशाची मोठी इमारत उभी राहणार आणि एलोईची नोकरी कायम होणार. नाही तर तीस जूनला त्याचा करार संपणार.

नमुना घेण्याआधी दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारायचे आणि यादीवर खुणा करायच्या, असा नियम आहे.

"क्रीम?" मी विचारायची.

"नाही."

"अत्तर?"

"कुणासाठी लावू?"

"हो किंवा नाही, आर्सेनो."

"नाही."

"कुठली गोळी घेतलीस?"

"डोकं दुखत होतं... नाही घेतली. तुझ्या नदीसाठी."

मग त्याची पाळी. "केसांना काय लावलंयस?"

"पाणी."

"खोटं. वास येतोय."

"तो माझाच वास आहे."

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघंही यादीकडे बघत राहिलो. यादीत तसं काहीच नव्हतं.

कडक मीच होते. एकदा तो पुतीन, म्हणजे रस्सा घातलेले तळलेले बटाटे, खाऊन आला. त्या बटाट्यांच्या कागदी पुड्यालाही तव्यासारखाच थर असतो. मी त्याला तीनदा हात धुवायला लावले आणि तरीही घरी पाठवलं.

"बाईसाहेब, तुमच्या प्रयोगशाळेत माफी मोजतात का हो?"

"मोजण्याइतकी सापडत नाही."

तो गेला. फाटकापाशी वळला आणि दोन्ही हात वर करून दाखवले. स्वच्छ. मी हसू दाबलं... पण ते त्यानं बघितलंच.

—

प्रत्येक नमुन्यासोबत एक कोरी बाटली असते. आत शुद्ध पाणी. आपण नमुना घेत असताना ती उघडी ठेवायची, मग झाकण लावायचं. हवेतून, कपड्यांवरून, आपल्या अंगावरून जे काही पडतं, ते तिच्यात सापडतं. वीस तलावांत एक थेंब असेल तरी सापडतं.

अकरा दिवस अकराही बाटल्या कोऱ्या निघाल्या.

बाराव्या दिवशी एलोईची सुट्टी होती. माझ्यासोबत म्हातारा रोझेर होता. तो बर्फाची पेटी आणायला गाडीकडे गेला, आणि मी सांडपाणी नदीत पडतं तिथे, भिजलेल्या सुती स्वेटरमध्ये, उघडी कोरी बाटली हातात धरून उभी राहिले. पाऊस तिरका येत होता. दात वाजत होते.

"मारिलू!" काठावरून एलोई उतरला. पिवळा रेनकोट, त्यावरून ओघळणारं पाणी. "आईनं बेटावरून लॉबस्टर पाठवलेत. संध्याकाळी ये—" मग त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "अगं, तू थरथरतेयस."

त्यानं रेनकोटची बटणं उघडली आणि मला आत घेतलं. स्वतःसकट.

रेनकोटवर पाणी टिकत नाही, ते त्याच रसायनामुळे. तो विसरला होता. मी विसरले नव्हते.

'बाटली' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी म्हटलं, "हं..."

त्याची हनुवटी माझ्या ओल्या केसांवर. बाहीवरचं पाणी माझ्या मनगटावरून थेंब थेंब खाली. एक मिनिट. खरं सांगायचं तर दोन.

मग वर गाडीचं दार वाजलं. तो मागे सरला, हसला आणि काठ चढून गेला. मी झाकण लावलं.

'काही वेगळं घडलं का?'

मी लिहिलं – पाऊस. वारा पूर्वेचा. खाली सही केली.

रोझेर येत होता म्हणून. तो कागद आमच्या प्रमुख मादाम तिबुतो वाचतात म्हणून. बटाट्याच्या पुड्यावरून लोकांना घरी पाठवणारी मीच होते म्हणून. आणि... ती दोन मिनिटं मला कुणाच्या फायलीत द्यायची नव्हती.

संध्याकाळी आम्ही लॉबस्टर खाल्ले. त्यानं माझ्यासाठी नांग्या फोडल्या. बाटलीचा विषय मी काढला नाही.

—

अठरा जून, सकाळ. मादाम तिबुतोंनी अहवाल टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज कधीच चढत नाही, आणि तेच वाईट.

"बारावी बाटली घाण आहे. हे आलं कुठून?"

त्यांनी अहवालाचं पान उलटलं.

"कारण कळलं तर एकच दिवस रद्द करीन. अकरा उरतात. अकरा पुरेत. कारण नाही कळलं, तर बाराही दिवसांवर माझा विश्वास नाही, आणि उद्या परिषदेपुढे मी हात वर करीन." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मारिलू, तुझ्या कागदावर नुसता पाऊस आहे."

"हो."

"आणखी काही?"

एलोई माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. आकडा ऐकताक्षणीच त्याचा चेहरा उतरला होता. तो स्वतः सांगू शकला असता. पण मग माझी सही खोटी ठरली असती.

मी टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा बघत राहिले.

"नाही," मी म्हटलं.

रोझेर खोकला. मग एलोईचा आवाज आला. सावकाश, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखा.

"नळांच्या सांध्यांना मी पांढरी टेप गुंडाळली असेन. चुकीची, त्याच रसायनाची."

"कुठल्या दिवशी?"

"नक्की आठवत नाही, मादाम."

तिथेच बाराही दिवस गेले. मादामनी पेनाचं टोपण लावलं. दुसऱ्या दिवशी परिषदेनं विषय दोन वर्षं पुढे ढकलला.

—

एक जुलै. त्या दिवशी आमच्याकडे निम्मं शहर घर बदलतं. रस्ताभर गाद्या, कुंड्या, बाहेरच्या वळणदार जिन्यांवरून उतरणारे फ्रिज आणि "अरे, कोपरा सांभाळ!" असा ओरडा. त्या गर्दीत एलोई एकटाच शहर सोडत होता. ऊन लख्ख पडलं होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"रेनकोट माझाच आहे, मारिलू."

"मग बोलला का नाहीस?"

"सही तुझी होती." त्यानं खोक्याला दोरी आवळली. "मी तुझ्याकडे बघत होतो. तू टेबलाकडे बघत होतीस."

"मी सांगते मादामना. आत्ता जाते—"

"सांग. नदीसाठी जरूर सांग." तो थांबला. "माझ्यासाठी नको. माझ्यासाठी त्या दिवशी हवं होतं."

"एलोई... माझं प्रेम आहे तुझ्यावर."

शेजारून दोन जण सोफा घेऊन गेले. त्यांना वाट द्यायला आम्ही दोघंही भिंतीला चिकटून उभे राहिलो. खांद्याला खांदा.

"माझंही आहे," तो म्हणाला. "तरी तू बोलायला हवं होतंस."

मग तो गाडीत बसला, काच खाली केली, काही म्हणणार... आणि मागच्या ट्रकनं हॉर्न वाजवला.

मी मादामना सांगितलं. त्याच दुपारी, त्यांच्या घरी, उभ्यानं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि चष्मा काढला.

"पोरी, अठरा तारखेला हे दोन मिनिटांचं काम होतं."

अकरा दिवसांचे आकडे आता फायलीत खरे आहेत. फाइल दोन वर्षांनी उघडेल. मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मी अजूनही कपडे सहा वेळा धुते. बेटावरच्या पत्त्यावर तीन पत्रं पाठवली. उत्तर एकाचं आलं, त्यात हवामान होतं.

चौदा जूनला, अहवाल यायच्या चार दिवस आधी, एलोईनं आमच्या शहरात दोघांना पुरेल अशा घराचा एक वर्षाचा भाडेकरार केला होता.