तळातल्या घड्या

२००२च्या मार्चात शेषराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. सेनगावच्या अलीकडच्या तलावाची पातळी त्यांनी बावीस वर्षं मोजली होती. मधला डोह किती पुरुष खोल, हे त्यांना पाठ होतं. पण तळाशी काय साचलंय ते कळलं शेजारच्या गोजरबाईच्या म्हशीची वगार मेली तेव्हा. उतरत्या पाण्याकाठी चरायची ती. डॉक्टरनं पोट फाडलं, तर आत प्लास्टिकच्या पन्न्यांचा हा एवढा गोळा.

घरी बसून करायचं काय, तळ साफ करू, असं त्यांच्या बायकोनंच, कमलबाईंनी, काढलं. मग रोज सकाळी शेषराव थर्माकोलच्या तराफ्यावरून, विहिरीत पडलेली बादली काढायचा आकडा दोरीनं तळावर फिरवू लागले. बाजारातून उडालेल्या, नाल्यानं वाहून आलेल्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या चिखलासकट वर यायच्या. काठावर कमलबाई त्या धुऊन वाळवायच्या, समोशासारखी तिकोनी घडी घालून टोक आत खोचायच्या आणि पोत्यात भरायच्या.

अकराव्या दिवशी वर आलेली पन्नी तिकोनी घडीचीच होती. आकड्याला कुणी नीट अडकवून दिल्यासारखी.

पोत्यातली उडून पाण्यात पडली असेल, असं शेषरावांना वाटलं. दुसऱ्या दिवशी सात निघाल्या. तेव्हा त्यांनी एका लाल पन्नीवर ऑइल पेंटनं तारीख घातली, आत दगड बांधला आणि कमलबाईंना न सांगता ती डोहात सोडली.

सकाळी ती वर आली. तारीख होती, दगड नव्हता, टोक आत खोचलेलं. उलगडली तर आतून कोरडी ठणठणीत.

आता सांगणं भाग होतं. कमलबाईंनी ती पन्नी उलटसुलट करून पाहिली.

"कोणीतरी मदत करून राहिलं," त्या म्हणाल्या. "तुमाला काहून तकलीफ होऊन राहिली?"

तेव्हापासून त्या काठावरच्या दगडावर चतकोर भाकर ठेवू लागल्या. घड्या घालता घालता पाण्याशी बोलायच्या, आज भाजी काय केली, गुडघा कसा दुखतो. त्यांना असं बोलताना पाहून शेषरावांचं मन भरून यायचं, आणि अंगावर काटाही यायचा.

वैशाखात कमलबाई तापानं फणफणल्या. शेषराव चार दिवस उशाशी बसून राहिले. तलावाकडे कुणी गेलंच नाही. पाचव्या दिवशी गोळ्या आणायला ते बाहेरून कडी लावून जीपनं सेनगावला गेले. परतायला तीन वाजले.

कडी जशीच्या तशी होती.

आत कमलबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ताप उतरला होता.

"दुपारभर माज्या कपाळावर हात ठेवून बसले व्हते तुमी," त्या म्हणाल्या. "किती गार हात. पण बोलत काहून नव्हते?"

शेषराव जवळ बसले. कमलबाईंच्या भुवईला शेवाळाचा एक हिरवा धागा चिकटला होता. त्यांनी तो अलगद उचलला आणि मुठीत धरला.

"तुला झोप लागावी म्हून," ते म्हणाले.