जुळत गेलेल्या खुणा

थोरलीचा दिवस रक्ताच्या नळ्यांनी सुरू व्हायचा. थोरली म्हणजे जुळ्यांतली थोरली. धाकटीपेक्षा काही मिनिटांनीच मोठी, पण ती मिनिटं घरात कुणी कधी विसरलं नाही. त्यांच्याच जोरावर ती शिकायला बाहेर पडली. पुढे आईच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा धाकटी म्हणाली, "तू हो पुढे. मी आहे इथं." ती जी राहिली ती राहिलीच.

थोरलीचं काम समजायला अवघड नव्हतं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत तेच एक पुस्तक असतं, अक्षरन् अक्षर तेच. तरी कातडीची पेशी कातडीच राहते आणि काळजाची काळीजच, कारण प्रत्येकीत काही पानं उघडी असतात आणि बाकीची चिकटवून बंद केलेली. बंद पानांवर रसायनाच्या बारीक खुणा असतात. त्या खुणा वाचणं हे थोरलीचं पोट भरायचं साधन.

जुळ्यांचं पुस्तक एकच असतं आणि जन्मतः खुणाही जवळपास सारख्याच असतात. मग एकीच्या वाट्याला जागरणं येतात, दुसरीच्या वाट्याला प्रवास. कुणी धसका घेतं, कुणी निवांत झोपतं. त्या सगळ्याच्या खुणा पडत जातात आणि वर्षागणिक फरक वाढतो. थोरली दरवर्षी स्वतःचं आणि धाकटीचं रक्त तपासायची. फरक वाढलेला दिसला की तिला मनातून बरं वाटायचं. का, ते तिनं स्वतःला कधी विचारलं नाही.

या वर्षी पडद्यावर दोघींच्या खुणांच्या दोन रेघांऐवजी एकच रेघ दिसली.

"मॅडम, एकच रक्त दोनदा भरलंत," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याचं तोंड दिवसभर सुरू असायचं, म्हणून सगळे त्याला मिठ्ठू म्हणत. "चहा कमी पडलाय तुम्हाला."

तिनं नळ्यांवरची नावं तपासली. बरोबर होती. पुन्हा सगळं स्वतःच्या हातानं केलं. एक रेघ दुसरीखाली तंतोतंत झाकली गेली होती. मग तिनं मागच्या वर्षांच्या रेघा शेजारी मांडल्या. एकटी धाकटी तिच्याकडे सरकली नव्हती. दोघी एकमेकींच्या दिशेनं निघाल्या होत्या आणि वाटेत भेटल्या होत्या.

खुणा अशा मागे फिरत नाहीत. फिरल्या तरी दोघींच्या एकदम, एकमेकींना गाठायला निघाल्यासारख्या कशा फिरतील? "यंत्र बिघडलंय," असं मिठ्ठूला सांगून तिनं विषय मिटवला.

पण त्या आठवड्यात तिच्या टाचांना भेगा पडल्या. कमरेच्या डाव्या बाजूला जड माणूस उचलल्यावर येते तशी कळ येऊ लागली. बैठकीत साहेब बोलत असताना ती मधेच खुर्चीवरून उठली. कुणाची तरी कूस बदलायची वेळ झाली आहे, असं तिला पक्कं वाटलं होतं. सगळे तिच्याकडे बघत राहिले, तेव्हा कुठे ती खाली बसली.

सुट्टी लागताच ती घरी गेली. धाकटीचं रक्त पुन्हा घ्यायचं, एवढंच मनाशी होतं.

दार धाकटीनं उघडलं. तिची पाठ ताठ होती. एरवी साबणानं खरखरीत झालेले तिचे हात आता मऊ, गार लागत होते. थोरलीनं आपले हात पर्समागे लपवले.

"बरी दिसतेस," ती म्हणाली.

"झोप लागते हल्ली," धाकटी म्हणाली. "तुझी उडालीये ना?"

आई खिडकीपाशी पलंगावर होती. आजारपणापासून ती मोजकंच बोलायची, तेही जिभेवर ओझं असल्यासारखं. तिनं आधी थोरलीकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि मान भिंतीकडे वळवली.

दंडाला पट्टा आवळताना थोरलीची बोटं अडखळली. शीर सापडेना. धाकटीनं शांतपणे तिच्या हातातून सिरिंज घेतली आणि स्वतःच्याच शिरेत एका फटक्यात सुई घातली.

"तुला कुणी शिकवलं?"

"कुणास ठाऊक. येतं आपोआप." ती नळीतलं रक्त उजेडात धरून बघत राहिली. अगदी थोरलीसारखीच, एक डोळा बारीक करून. "दोन दिवस बाहेर जाऊन येऊ का गं? इतक्या वर्षांत उंबरा ओलांडला नाही मी. तू आहेस तर."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. थोरलीच्याच कोटात धाकटी निघाली. जिना उतरताना तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

ते दोन दिवस थोरलीला कुणाला काही विचारावं लागलं नाही. कुठली गोळी आधी, उशी कुठे सरकवायची, गॅसची कुठली शेगडी दगा देते, सगळं हातांना माहीत होतं. शेजारीण दारात डोकावून म्हणाली, "ताई पाहुणचार घेऊन गेल्या वाटतं? तू आपली घाण्याला जुंपलेलीच." थोरलीनं तिची चूक दुरुस्त करायला तोंड उघडलं. तेवढ्यात दूध उतू गेलं.

दोन दिवस सरले, आठवडा गेला. धाकटी फोन उचलेना.

शेवटी आईला शेजारणीच्या हवाली करून ती सकाळी प्रयोगशाळेत गेली. तिथलं काचेचं दार अंगठ्याच्या ठशावर उघडायचं. जुळ्यांची पुस्तकं एक असली तरी ठसे एक नसतात. ते आईच्या पोटातच उमटतात आणि मरेपर्यंत बदलत नाहीत. एवढी एक गोष्ट तरी आपली आहे, असं तिला वाटलं. तिनं अंगठा टेकवला.

लाल दिवा लागला.

तिनं अंगठा पुसला आणि पुन्हा टेकवला. पुन्हा लाल.

काचेपलीकडे पांढऱ्या कोटातली एक बाई नळ्या लावत होती. हात जराही थरथरत नव्हता. मिठ्ठू काहीतरी बोलला आणि ती हसली.

थोरलीनं काचेवर थाप मारली. मिठ्ठू बाहेर आला.

"अरेच्चा! तुम्ही मॅडमच्या बहीण ना? काय हो, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं!"

"मिठ्ठू, मीच आहे. अरे, मीच मॅडम."

तो हसला. मग हसू ओसरलं. त्याच्या चेहऱ्यावर एक अवघडलेली माया आली.

काहीतरी सांगायला हवं होतं, फक्त तिलाच ठाऊक असलेलं. तिनं खुणांचं, रेघांचं बोलायला तोंड उघडलं. त्या रसायनाचं नाव आठवेना. आपण रोज काय वाचायचो, तेही आठवेना. शब्दांच्या जागी आईच्या गोळ्या येत होत्या. आधी पांढरी, मग अर्धी गुलाबी.

"ताई," मिठ्ठू हळूच म्हणाला, "आईंना एकटं ठेवून आलात?"

काचेपलीकडच्या बाईनं मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता. सुट्टीवर घरी आली की थोरली धाकटीकडे ज्या नजरेनं बघायची, तीच ती नजर होती. मग तिनं मान पुन्हा कामात घातली.

थोरली वळली. रस्त्यावर आल्यावर आपण धावतोय हे तिच्या ध्यानात आलं. कूस बदलायची वेळ टळून गेली होती.

शेजारीण केव्हाच निघून गेली होती. आई एकाच अंगावर पडून होती. थोरलीनं तिला सावकाश वळवलं, पाठीला पावडर लावली, चादरीची सुरकुती काढली आणि पलंगाच्या कडेला बसली. रडू आलं ते तिनं पदरात दाबलं.

आईचा चालता हात सरपटत आला आणि तिच्या मनगटावर थांबला.

"पहिलं वर्ष," आई म्हणाली. तिनं श्वास घेतला. "फार आठवण येते."

"कुणाची, आई?"

आई खिडकीबाहेर बघत होती.

"आपलीच," ती म्हणाली. "माझी जुळी बहीण पण दोन दिवसांतच येणार होती."